दुसरी सही

लालबाग, ४ ऑक्टोबर १९५५

लवू,

आशीर्वाद आधी घे, शिव्या मागाहून येतातच.

तुझी तार काल दुपारी आली. आपल्याकडे तार म्हणजे कोणीतरी गेलेलं असतं, त्यामुळे मी मिलमधून येईपर्यंत ती कुणी उघडलीसुद्धा नव्हती. आई भिंतीला टेकून बसली होती आणि शेजारच्या बायका तिला पाणी पाजत होत्या. मी तार वाचली आणि सांगितलं, "मेलं कुणी नाही. लवूचं पाकीट मारलं लंडनच्या स्टेशनात." मग कुठे तुझ्या बकुळावहिनीने चूल पेटवली. आईचा अजून विश्वास बसत नाही. तिला वाटतं विलायतेत चोर नसतातच, सगळे इकडे पाठवून दिले.

बाकावर झोपलास ना? खरं सांग. वीस दिवस बोटीवर सांभाळलंस आणि उतरल्यावर डोळा लागला. तेवीस वर्षांचा घोडा, माटुंग्याचा डिप्लोमा हातात, आणि कोटाच्या बाहेरच्या खिशात साठ पौंडांचे प्रवासी चेक. पैसे दोन ठिकाणी ठेव असं मी तुला धक्क्यावर तीनदा सांगितलं होतं. तेव्हा तू मान हलवत होतास आणि बघत होतास बोटीकडे.

आता नीट वाच. पहिलं, पोलीस चौकीत लिहून दे आणि त्याची नक्कल घे, तोंडी सांगून येऊ नकोस. दुसरं, चेक देणाऱ्या कंपनीचं लंडनचं ऑफिस गाठ. चेकांचे नंबर माझ्या वहीत आहेत, ते या पत्राच्या मागे उतरवले आहेत. तिसरं, हायकमिशनच्या ऑफिसात जाऊन नाव नोंदव, तिथे आपली माणसं असतात. चौथं, कुणा परक्याकडून उसने घेऊ नकोस आणि पासपोर्ट कुणाकडे तारण ठेवू नकोस, उपास पडला तरी. इथून पौंड पाठवायचे तर रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो, त्याला कॉलेजचं पत्र लागतं, आणि ते सगळं होईपर्यंत तुझी दाढी पांढरी होईल. त्यामुळे बुधाजीला निरोप दिला आहे. त्याची बोट महिनाअखेर लिव्हरपूलला लागेल. खलाशी असला तरी गावचा माणूस आहे, पाच पौंड हातावर ठेवील. कॉलेज तिथून लांब नाही ना? जाऊन घेऊन ये.

फार घाबरू नकोस. हरवले तर पैसे परत, असं कंपनीच्या कारकुनानेच सांगितलं होतं, म्हणून तर रोकड न घेता चेक घेतले. आपल्या बाजूने कागद पुरा आहे. वरच्या सह्या तू कंपनीत केल्यास, खालच्या मी आदल्या दिवशी पाटावर बसवून करून घेतल्या, बाराच्या बारा. तू कुरकुरत होतास, मित्र खाली उभे होते, गिरगावात जायचं होतं. पण सतरा वर्षं पगाराच्या खिडकीवर बसून मला एवढं कळतं की माणसाने सहीची जागा मोकळी ठेवू नये. आमच्याकडे एक अंगठा पत्रकावर, एक चिठ्ठीवर, दोन्ही आधी, मग पैसे. नाहीतर रांग शिवडीपर्यंत जाईल.

गावकीच्या खोलीत अजून सांगितलेलं नाही. रविवारी सगळे जमतील तेव्हा सांगेन. त्यांचेच पैसे आहेत, लपवून चालणार नाही.

दादा


लालबाग, २३ ऑक्टोबर १९५५

लवू,

तुझं पत्र यायच्या आत हे लिहितो आहे, कारण एक गोष्ट तुला लगेच कळायला हवी.

गुरुवारी अर्धी रजा टाकून फोर्टात कंपनीच्या ऑफिसात गेलो. कारकून तुझ्याच वयाचा, गळ्यात टाय, बोलायला गोड. नंबर दिले, तार दाखवली. त्याने फॉर्म काढला आणि लिहिता लिहिता विचारलं, "खालची सही मोकळी होती ना?" मी विचारलं, का? तर म्हणाला, "काका, ते तर कुलूप आहे. वरची सही आमच्यासमोर, खालची पैसे देणाऱ्यासमोर. तो दोन्ही ताडून बघतो. दोन्ही आधीच केल्या असतील तर चेक म्हणजे रोख नोटा. रस्त्यावर सापडल्या तरी कुणीही वटवील. मग कंपनी जबाबदार नाही."

मी तार घडी करून खिशात घातली. मागे चारजण उभे होते.

म्हटलं, "मोकळी होती."

त्याने तसं लिहिलं आणि मी खाली सही ठोकली. तेव्हा आता तूही तसंच सांग. वरची सही कंपनीत केली, खालची केलीच नव्हती. एवढंच, जास्त शहाणपणा नको. तुला खोटं बोलायचा कंटाळा आहे हे मला ठाऊक आहे, लहानपणी मार खायचास पण खोटं बोलायचा नाहीस. पण हे पैसे तुझे नाहीत, माझेही नाहीत. बारा वर्षं गिरणीतल्या माणसांनी महिन्याला आठ-आठ आणे टाकून गावकीची पेटी भरली, देवळाच्या छपरासाठी. त्यांनी ती तुझ्यासाठी फोडली, कारण गावातला पहिला पोरगा विलायतेला निघाला होता. वर आईच्या पाटल्या. पेटीची किल्ली माझ्याकडे असते, जाब मला द्यायचा आहे.

गावकीच्या रामजीकाकांना सांगितलं, पैसे परत मिळणार आहेत, दोन महिने लागतील. म्हातारा म्हणाला, "तू आसस मां, मगे आमका कसली चिंता?"

बुधाजी भेटला का? थंडीत नुसत्या पावावर राहू नकोस.

दादा


लालबाग, २७ नोव्हेंबर १९५५

लवू,

तुझी दोन्ही पत्रं एकदम आली. मधे टपालाचाही गोंधळ होता. सोमवारी फाउंटनला गोळीबार झाला ते तिकडच्या पेपरात आलं असेल. आपल्या गल्लीतून दोनशे माणूस गेला होता. मीही गेलो होतो, पण मागे होतो. मिल दोन दिवस बंद होती.

तर तू पहिल्याच दिवशी लंडनच्या ऑफिसात सगळं सांगून मोकळा झालास. दोन्ही सह्या केलेल्या होत्या, थोरल्या भावाने करायला लावल्या. वा! माझं पत्र येईपर्यंत धीर धरवला नाही. आता तुझा कागद एक सांगतो आणि माझा कागद दुसरं. कंपनीने इथे मला लिहिलं आहे की बाराही चेक दोन दिवसांत लंडनच्या दुकानांतून वटले, सह्या वर-खाली दोन्ही तुझ्याच हातच्या आहेत, आणि भावाच्या लेखी जबाबाप्रमाणे प्रवासाला निघताना खालची सही केलेली नव्हती. म्हणजे ती तिकडे झाली. म्हणजे कुणी केली, ते त्यांनी लिहिलेलं नाही, तेवढे ते सभ्य आहेत.

तू लिहितोस, "दादा, तू फक्त खरं सांग, पैसे गेले तर गेले." तुला सोपं आहे रे. पैसे गेले तर गेले म्हणायला सहा हजार मैलांवर बसावं लागतं. इथे मला रोज त्याच जिन्याने खाली उतरायचं असतं आणि खाली रामजीकाका दात घासत उभे असतात. आणि एक सांग, सही तुझ्याच हाताने केलीस ना? मी तुझा हात धरला होता का? शिकलेला तू, इंग्रजी तुला येतं, त्या चेकावर बारीक अक्षरात काय छापलं होतं ते वाचायचं कुणी?

गावकीच्या खोलीत कंपनीचं पत्र वाचून दाखवावं लागलं. कुणीतरी विचारलं, सह्या पोराच्याच, मग पैसे पोरानेच घेतले ना? मी म्हटलं, मला काही कळत नाही.

फीसाठी कॉलेजात मुदत माग. आई आशीर्वाद सांगते.

दादा


लालबाग, २२ जानेवारी १९५६

लवू,

आज सकाळी दोन तास संचारबंदी उठवली होती. टपालाची पेटी जळून पडली आहे, त्यामुळे हे पत्र कधी निघेल सांगता येत नाही.

मुंबई आपल्याला देत नाहीत हे सोमवारी रात्री रेडिओवर सांगितलं आणि तेव्हापासून इथे फक्त दगड, धूर आणि गोळ्या. पोलीस चाळींच्या गॅलऱ्यांवर रोख धरून मारतात. समोरच्या चाळीतला गणपत, मास्तरांचा मुलगा, गॅलरीत उभा होता, नुसता उभा, तो गेला. खिडक्यांना आम्ही ओल्या गोधड्या लावल्या आहेत.

तुझं पत्र मिळालं. कॉलेजने पटावरून नाव काढलं हे वाचलं. तू लिहिलंस की कंपनीने वीस जानेवारीपर्यंत मुदत दिली आहे, भावाने नवा जबाब दिला तर तुझ्यावरचा संशय काढून टाकू, नाहीतर कागद पोलिसांकडे. तसंच पत्र मलाही आलं होतं. मी जाणार होतो. ठरवलंच होतं. पण सोमवारपासून हे सुरू झालं, ट्रामा बंद, रस्त्यावर माणूस नाही, फोर्टात कसा जाणार? वीस तारीख शुक्रवारी होती आणि शुक्रवारी तर आमच्या कोपऱ्यावर अश्रुधूर चालू होता. यात माझा काय दोष आहे सांग. मुंबई पेटली आहे, तुझ्या दोन सह्यांसाठी ती थांबणार नाही.

आईला जरा दमा उठला आहे. धुरामुळे सगळ्यांनाच खोकला आहे.

दादा


लालबाग, २० फेब्रुवारी १९५६

लवू,

तुझं पत्र नाही. बुधाजी परवा परत आला. तो सांगत होता की तू एका गिरणीत झाडू मारायच्या कामाला लागलास. शिकायला गेलास सूत काढायचं, आणि उचलतोस त्याचा कचरा. पोलीस दोनदा खोलीवर येऊन गेले म्हणाला. धरून नेलं नाही ना? तो नीट सांगत नव्हता. माझ्याकडे बघतही नव्हता.

इथे सगळं ठीक. आई गावी गेली आहे, तिथली हवा तिला मानवते. शिमगा होईपर्यंत राहील, नंतरही राहील कदाचित. तू तिच्या नावाने पत्र टाकू नकोस, गावी वाचून दाखवायला कुणी नाही.

दादा


लालबाग, १५ एप्रिल १९५६

लवू,

मी नको म्हटलं असतानाही तू आईच्या नावाने पत्र टाकलंस, ते इथल्याच पत्त्यावर. बरं केलंस. ते मंगळवारी आलं. मी फोडलं, गॅलरीत उभा राहून वाचलं आणि चार दिवस खिशात घेऊन फिरलो.

आई गावी गेलेली नाही. आई चोवीस जानेवारीला गेली. मी मागचं पत्र लिहिलं तेव्हा माझ्या डोक्यावर अजून धड केसही उगवले नव्हते.

आता सगळं क्रमाने लिहितो. मधेच पत्र फाडू नकोस.

कंपनीचं मुदतीचं पत्र मला सात जानेवारीला आलं. संचारबंदी सोळाला सुरू झाली. मधे नऊ दिवस होते. ट्रामा चालू होत्या, ऊन स्वच्छ होतं. बारा तारखेला गुरुवारी मी रजा टाकून फोर्टात गेलोही. तोच टायवाला खिडकीत होता. माझ्या पुढे एक पारशी गृहस्थ उभे होते. त्यांचं काम झालं, ते बाजूला झाले, आणि कारकुनाने मला ओळखून विचारलं, "बोला काका." मी त्याला म्हटलं, पाण्याचा नळ कुठे आहे? त्याने दाखवला. मी पाणी प्यायलो आणि घरी आलो. नंतर मुंबई पेटली तेव्हा लवू, देवाशपथ सांगतो, मला आतून बरं वाटलं. लोक मरत होते आणि मला वाटत होतं की आता मला कुणी विचारणार नाही. बावीसचं पत्र मी त्या आनंदात लिहिलं. माझा काय दोष, असं लिहिलं आहे ना त्यात?

आईला अठराला धाप लागली. अश्रुधुराची नळकांडी आमच्या जिन्यात पडली आणि ती त्या वेळी खालून पाणी आणत होती. डॉक्टर बोलवायचा तर रस्ता ओलांडता येत नव्हता. बकुळा वाफ देत होती, मी पाठ चोळत होतो. बावीसला दोन तास रस्ता मोकळा झाला तेव्हा रामजीकाकांनी हातगाडी आणली आणि आम्ही तिला परळच्या इस्पितळात नेलं. ते पत्र मी त्या दिवशी इस्पितळाच्या पायरीवर बसून लिहिलं. "जरा दमा उठला आहे" असं.

तिला तुझ्याबद्दल काय माहीत होतं ते आता लिहायला हवं. नोव्हेंबरात खोलीत कंपनीचं पत्र वाचलं गेलं, तेव्हा ती बाहेर बायकांत बसली होती. तिने ऐकलं. दोन दिवसांनी तिने गळ्यातली बोरमाळ काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, मोडून पेटीत भर. मी घेतली, लवू. मोडली आणि भरली. तेव्हा मला वाटलं, चला, तेवढाच भार कमी. तुला आशीर्वाद तिने त्यानंतर कधी सांगितले नाहीत. ते मी आपल्या मनाने लिहीत होतो.

वीस तारखेला, मुदतीच्याच दिवशी, दुपारी तिला जरा बरं वाटत होतं. बकुळा पाण्याला गेली होती. घरात दोघंच होतो. तिने विचारलं, "खरां सांग माका. लवून खाल्ल्यान काय रे पैसे?"

एवढंच तोंड उघडायचं होतं. समोर कारकून नव्हता, गावकी नव्हती, मागे रांग नव्हती. आपलीच आई होती, आणि तिला सगळं सांगितलं असतं तर तिने फार तर मला एक शिवी दिली असती. मी म्हटलं, "कोण जाणे, आई. परमुलखात माणूस बदलतो."

तिने पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. मग म्हणाली, "तेका कळवू नको मी आजारी आसंय म्हणान. चोराक आवशीची खबर कित्याक होयी?"

तुला न कळवायला मला हा हुकूम आयताच मिळाला. तेराव्याला लोकांनी विचारलं, धाकट्याला तार केली का? मी सांगितलं, आईचीच तशी इच्छा होती. सगळ्यांनी माना हलवल्या.

तुझं पत्र वाचल्यावर काल मी फोर्टात जाऊन आलो. टायवाला बदलून गेला आहे, आता एक बाई बसते. मी सांगितलं, सप्टेंबरात मी माझ्या भावाकडून घरी बसवून खालच्या सह्याही करून घेतल्या, ऑक्टोबरात तुमच्याकडे खोटा जबाब दिला, भावाचा यात काही संबंध नाही. वाटलं होतं शिपाई बोलावतील, हातकड्या घालतील. तिने टाइप केलं, मी सही केली, तिने शिक्का मारला. लंडनला पाठवते म्हणाली. पैसे काही मिळणार नाहीत, पण भावाचं नाव साफ होईल. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. त्याची नक्कल सोबत आहे. पोलिसांना दाखव, कॉलेजात दाखव. भिंतीवर चिकटवलीस तरी माझी हरकत नाही.

आज सकाळी गावकीच्या खोलीत उभा राहिलो आणि सांगितलं. तीसेक माणसं होती. पेटीची किल्ली मधे ठेवली. रामजीकाका एवढंच म्हणाले, "म्हातारेक सांगलंस तू ह्यां?" मी नाही म्हटलं. त्यांनी टोपी घातली आणि खाली निघून गेले. मग बाकीचेही एकेक उठले. पैशांबद्दल कुणी विचारलंच नाही. मी मिलमधून हप्त्याने भरणार आहे, पण ते ऐकायला कुणी थांबलं नाही.

आता तुझं पत्र. तू आईला लिहिलं आहेस, दादा तुला काय वाचून दाखवील मला ठाऊक नाही. बाकी काही नको, माझ्यावर तुझा विश्वास आहे एवढं कुणाकडून तरी लिहून पाठव, मग मी इथे काहीही करून उभा राहीन.

बकुळा म्हणाली, लिहून टाका की होता. पोर एकटं आहे तिकडे, आणि गेलेल्या माणसाला कोण विचारायला जाणार आहे? ती दोन वेळा म्हणाली. मी तसं एक पत्र लिहिलंही. आईने जाताना तुझं नाव घेतलं, असं सुद्धा त्यात लिहिलं होतं. ते चांगलं झालं होतं, तू वाचून रडला असतास. पण मग तुला अजून एक पत्र आलं असतं ज्यात मी खोटं बोललो, आणि या वेळी आईच्या तोंडून. ते मी चुलीत घातलं.

विश्वास नव्हता, लवू. ती तुला चोर समजून गेली. तू चोर नाहीस हे एकट्या मला ठाऊक होतं, आणि मी सहा दिवस तिच्या उशाशी बसून तिची पाठ चोळत होतो.

सीताराम